अलाबामातली छोटी गावं बघायचीयत, दोन-तीन दिवसांत काय करावं?

खामगावची_लेक:
नमस्कार मंडळी, अटलांटात सहा वर्षं झाली पण साऊथ म्हणजे हायवे आणि मॉल एवढंच बघितलंय. आता आई-बाबा आलेत, बाबांनी जन्मभर कापूस पिकवला त्यामुळे त्यांना इथला कापसाचा मुलूख बघायचाय. सेल्माचा पूल (1965 मध्ये काळ्यांच्या मतदान हक्काच्या मोर्चावर पोलिसांनी हल्ला केला तो) करणारच आहोत, पण पुढे खेड्यांत कुठे जावं? आईचे गुडघे दुखतात, फार चालणं नको.

काळी_माती:
ताई, डोळे झाकून ब्लॅक बेल्टमध्ये न्या, म्हणजे अलाबामाच्या मधोमध आडव्या गेलेल्या काळ्या मातीच्या पट्ट्यात. हे नाव आधी मातीवरूनच पडलंय. काळी, चिकट, पावसात बुटाला गोळे लागतात आणि कोरडी पडली की भेगा, बाबा ढेकूळ हातात घेऊन लगेच ओळखतील. फरक एवढाच की आपली बेसॉल्टची आणि ही खडूच्या दगडावरची, डायनासोरांच्या काळात इथे समुद्र होता त्याच्या तळाचा गाळ. या मातीत कापूस भरघोस येतो म्हटल्यावर मळेवाल्यांनी हजारो गुलाम इथे आणले, आणि आज इथल्या बऱ्याच काउंट्यांत त्यांचेच वंशज बहुसंख्य आहेत.

पण कापूस आता फार दिसणार नाही हे बाबांना आधीच सांगा. कुरणं, पाइनची झाडं आणि कॅटफिशची तळी दिसतील. माती पाणी धरून ठेवते म्हणून तळी जमली, आणि त्याच मातीत सेप्टिक टँकचं पाणी मुरत नाही म्हणून लाउंड्स काउंटीत कितीतरी गरीब घरांमागे मैला उघड्यावर साचतो. गाडीतून हे दिसत नाही, पण मला ते मनातून जात नाही.

नदीकाठचा_दादा:
जीज बेंडला जाच, कागदोपत्री नाव बॉयकिन. अलाबामा नदीने तीन बाजूंनी वेढलेलं गाव. 1845 मध्ये पेटवे नावाच्या मालकाने हा मळा घेतला, गुलामांना नॉर्थ कॅरोलिनातून चालवत आणलं, आणि गावात आजही बऱ्याच लोकांचं आडनाव पेटवेच. समोरच्या काठाला कॅमडेन, काउंटीचं ठिकाण. 1962 मध्ये इथले काळे लोक मतदार नोंदणीसाठी तिकडे जायला लागले तर नदी ओलांडणारी फेरीबोटच बंद करून टाकली, 2006 पर्यंत बंद! पंधरा मिनिटांचं पाणी, पण रस्त्याने तासभर लांबून जायचं, 44 वर्षं.

आईंना तिथल्या गोधड्या दाखवा. मिझूरी पेटवे नावाच्या बाईंनी नवरा गेल्यावर 1942 मध्ये त्याच्याच कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, गुडघ्यावर विटलेली पँट, तिचे निळे-करडे तुकडे तसेच जोडलेत. 2002 मध्ये या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागल्या. विकत घ्यायची असेल तर किंमत ऐकून दचकू नका आणि घासाघीस तर अजिबात नको.

काळी_माती:
वाटेत ओल्ड कहाबा पण घ्या, दोन नद्यांच्या संगमावर. 1820 पासून अलाबामाची राजधानी होती, 1826 मध्ये ती हलवली, मग अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर काउंटीची कचेरीपण सेल्माला गेली आणि गाव उठलंच. आता झाडीत नुसते विटांचे खांब आणि कबरी. गाडी बरीच आतपर्यंत जाते, आईंना त्रास नाही. आणि खामगावचे आहात म्हणून सांगतो, 1861 मध्ये ते युद्ध पेटलं, इथला कापूस बंदरात अडकला आणि तेव्हाच वऱ्हाडातल्या कापसाला भाव चढला. बाबांना इथे उभं करून हे सांगा.

खामगावची_लेक:
दादा, वाचून दाखवलं दोघांना. बाबा म्हणाले मातीचं ढेकूळ आधी, पूल नंतर. आईने येताना जुन्या लुगड्यांची गोधडी आणलीय, ती गाडीत घेतेय, तिथल्या बायकांना दाखवायला. फेरीचं बुकिंग लागतं का?

नदीकाठचा_दादा:
निघायच्या दिवशी सकाळी फोन करून फेरी चालू आहे का ते विचारा, हवा बिघडली की रद्द करतात. अलाबामाचं घड्याळ अटलांटापेक्षा तासभर मागे आहे, वेळ त्या हिशोबाने धरा. गोधडी नक्की न्या.