राजीनामा आत्ता टाकू की व्हिसा आल्यावर?

बी-६०३: नमस्कार मंडळी. थोडं घरगुती आहे पण आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर बरेच जण बाहेर राहून आलेत म्हणून इथेच विचारतो. जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टवर सही झालीये, ब्लू कार्डवर (पदवीधरांचा तिकडचा नोकरीचा परवाना) जायचंय, जॉइनिंग १ जुलै लिहिलंय. इथे नोटीस पिरियड ९० दिवसांचा. मार्च संपत आला, म्हणजे १ जुलै गाठायची तर याच आठवड्यात पेपर टाकायला हवेत. पण व्हिसाचा पत्ता नाही, पोर्टलवर कागद चढवलेत, व्हीएफएसची (व्हिसाचे कागद घेणारी एजन्सी) अपॉइंटमेंट एप्रिलअखेर मिळेल असं दिसतंय. टाकू का थांबू? डोक्याचा भुगा झालाय नुसता

सी-७०५: टाक की बिनधास्त. कॉन्ट्रॅक्ट हातात आहे ना, ब्लू कार्डवाल्यांना कोण नाही म्हणतंय

बी-२०२ काकू: अभिनंदन रे पिंट्या!! पेढे कधी?

सी-४०१: अभिनंदन! आणि कृपा करून ७०५ चं ऐकू नकोस 😀 मी म्युनिकला राहून आलेय, माझं ठाम मत आहे की व्हिसा पासपोर्टवर चिकटलेला दिसल्याशिवाय राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्येसुद्धा ठेवू नये. आधी व्हिसा नाकारला तर त्याच वकिलातीत फुकटात हरकत घेता यायची, रेमॉन्स्ट्रेशन म्हणायचे त्याला, ती सोय १ जुलै २०२५ पासून जगभर बंद केलीये. आता नाकारला तर नव्याने अर्ज नाहीतर थेट बर्लिनच्या कोर्टात. आणि नाकारलाच पाहिजे असंही नाही, नुसता लांबला तरी तू इकडे बिनपगारी आणि तिकडे बिनव्हिसाचा

बी-६०३: डिग्रीचं तसं ठीक आहे ताई, अनाबिनवर (परदेशी डिग्र्यांची जर्मन यादी) युनिव्हर्सिटी एच प्लस, म्हणजे मान्य, दाखवतंय

सी-४०१: युनिव्हर्सिटी एच प्लस असून भागत नाही, तुझा कोर्स पण त्या यादीत सापडला पाहिजे. नसेल तर झेडएबीचं, म्हणजे डिग्री तपासणाऱ्या तिथल्या ऑफिसचं, स्टेटमेंट लागतं. आधी ते बघ

बी-६०३: कोर्स सापडलाय, प्रिंट लावलीये. माझी खरी भीती वेगळी आहे. मी जुलैला नाही येत म्हटलं तर ते दुसरा माणूस घेतील का?

सी-४०१: अरे त्यांच्या स्वतःच्या लोकांचे नोटीस पिरियड तीन तीन महिन्यांचे असतात, काहींचे तर तिमाहीच्या शेवटीच सुटतात, म्हणजे चुकीच्या महिन्यात राजीनामा दिला की पाच महिने माणूस अडकला. वाट बघणं त्यांच्या अंगवळणी पडलंय. आपल्याकडे एचआर रोज फोन करून अर्ली जॉइनिंग अर्ली जॉइनिंग करतात म्हणून आपल्याला वाटतं सगळं जग तसंच आहे. सरळ मेल कर, की व्हिसा मिळाल्यावर राजीनामा देणार, त्यानंतर ९० दिवस नोटीस, त्यामुळे जॉइनिंग १ सप्टेंबर करा. फक्त एक, हे व्हीएफएसच्या आधी कर. व्हिसाच्या कागदात कंपनीने भरून दिलेला एक फॉर्म असतो, नोकरीचं स्वरूप, पगार, सुरू होण्याची तारीख वगैरे, त्यावर जुलै आणि कॉन्ट्रॅक्टच्या दुरुस्तीत सप्टेंबर असं झालं की तिथे पेन्सिल घेऊन बसलेली बाई शांतपणे खूण करते आणि फाईल बाजूला ठेवते. दोन्हीकडे एकच तारीख पाहिजे

ए-५०४: मी एचआरमध्ये आहे, आमच्या बाजूचं पण ऐक. व्हेरिएबल, म्हणजे वर्षाचा बोनस, कधी मिळतं तुमच्यात?

बी-६०३: एप्रिलच्या पगारात

ए-५०४: पॉलिसीत बघ, ९० टक्के वेळा लिहिलेलं असतं की देण्याच्या तारखेला माणूस नोटीसवर नसावा. आज पेपर टाकलेस तर वर्षभराची मेहनत गेली. आणि या कंपनीत किती वर्षं?

बी-६०३: १२ जुलैला पाच पूर्ण होतात

ए-५०४: मग तर आज टाकूच नको! आज टाकलेस तर शेवटचा दिवस जूनअखेर, पाच वर्षं भरली की सोडताना मिळते ती ग्रॅच्युइटी हातातोंडाशी येऊन गेली. बेसिक पगार समज ६० हजार, तर त्याला १५ भागिले २६ गुणिले ५ वर्षं, पावणेदोन लाखाच्या घरात जाते रक्कम, ती पण टॅक्स फ्री. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी चालतं असं काही कोर्टांनी म्हटलंय, पण बऱ्याच कंपन्या ते ऐकत नाहीत आणि तू स्टुटगार्टला बसून लेबर कमिशनरकडे खेटे घालणारेस का

ए-१०२ काका: पिंट्या, टॅक्सचं मी सांगतो. तू नोकरीसाठी देश सोडतोयस, तेव्हा आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांच्या आत राहिलास तर त्या वर्षापुरता अनिवासी. १ एप्रिलपासून मोज, २८ सप्टेंबरला १८१ होतात. त्याच्या आत निघालास तर तिकडचा पगार इकडे दाखवायचा प्रश्न नाही. ऑक्टोबरात निघालास तर निवासी, मग तिकडे कर भरून इकडे त्याची वजावट मागा, परदेशी खाती दाखवा, फॉर्म भरा, माझी फी भरा

सी-७०५: काका फी लगेच आली 😂

ए-१०२ काका: पुढचं महत्त्वाचं, त्यात हसू नका. सप्टेंबरच्या वीस-पंचवीसला निघून दिवाळीला पंधरा दिवस घरी आलास तर ते दिवसही त्याच बेरजेत जातात आणि गाडी १८२ च्या पुढे. म्हणून ऑगस्टअखेर निघ. १५३ दिवस होतात, दिवाळीला यायला जागा राहते. मे महिन्यात व्हिसा आला, लगेच पेपर टाकलेस, तर ऑगस्टच्या मध्याला सुटतोस. व्हेरिएबल, ग्रॅच्युइटी, टॅक्स तिन्ही बसतात त्यात

बी-६०३: काका हे एवढं नीट कुणीच सांगितलं नव्हतं, थँक यू. आणि व्हिसा जूनमध्ये आला तर?

ए-५०४: तर बायआउट माग, म्हणजे पैसे भरून नोटीसचे दिवस कमी करून घे. पण ते कंपनीच्या मर्जीवर असतं, हक्क नाही. ३० दिवस विकत घ्यायचे म्हणजे एका महिन्याचा पगार, ही जर्मन कंपनी असा खर्च देते का तेही मेलमध्ये विचारून ठेव, विचारायला काय जातंय

ए-३०१: दादा... तू ज्या कॅम्पसमध्ये बसतोस त्याच कॅम्पसमध्ये चौथ्या मजल्यावर मी बसते 🙈

बी-६०३: 😳

ए-५०४: घ्या! १८० फ्लॅटच्या ग्रुपवर टाकलंय त्याने

ए-३०१: मी काही वाचलं नाही. पण आपल्याकडे बायआउट सहज देतात, आमच्या टीममध्ये दोघांना दिलाय. आणि हो, सांगायचं झालं तर आधी मॅनेजरला समोर बसून सांग, मग मेल. आपल्या व्हीपीला स्काय-लेव्हल इगो आहे, मेलमधून कळलं की केटी प्लॅन (काम दुसऱ्याला समजावून द्यायचं वेळापत्रक) मुद्दाम ताणतो

ए-५०४: बरोबर. मेलमध्ये चार ओळी. राजीनामा देतोय, नोटीस पिरियडप्रमाणे शेवटचा दिवस अमुक, हँडओव्हर करीन, धन्यवाद. परदेशात चाललोय, बायकोचं अमुक, व्हिसाचं तमुक काही लिहायचं नाही. तोंडी विचारलं तर सांग, खोटं बोलायचं कारण नाही. दहा टक्के वाढवून देतो म्हणतील, चहा पिऊन उठायचं. आणि मेलला पोच मागून घे, तारखेसकट

बी-२०२ काकू: हे सगळं ठीक आहे, पण सूनबाईंचं काय? ती पण राजीनामा देणार का? दोघं एकदमच जा बाई, पोरगी लहान आहे, बापाशिवाय सहा महिने कसे काढायचे

सी-४०१: काकू, माझं याच्या अगदी उलट मत आहे. तिने इतक्यात राजीनामा देऊ नये. तिकडे पहिले सहा महिने प्रोबेशन, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कुणीही कुणाला रामराम करू शकतं. आणि घर! स्टुटगार्टला घर मिळणं म्हणजे लग्न जमवण्यापेक्षा अवघड, घरमालक शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागतो, नव्याने गेलेल्या माणसाकडे त्या असणार कुठून? मग एका खोलीत सामान टाकून राहायचं, त्यात पोर घेऊन कुठे जाणार. याने पुढे जावं, स्लिपा जमवाव्यात, घर बघावं, मग बायको-मुलगी

बी-२०२ काकू: पैसा सगळं असतो का ग

सी-४०१: नसतो काकू, पण तिची नोकरी आत्ता सोडली आणि जानेवारीत याची गेली तर दोन्ही पगार गेले. आमच्या तिथल्या ओळखीत झालंय असं

बी-६०३ (सौ): नमस्कार, मी पण या ग्रुपवर आहे 🙂 माझ्याबद्दल एवढी चर्चा चाललीये तर सांगते. मी शाळेत शिकवते, दहावीचा वर्ग आहे, जूनला सुरू करून ऑगस्टात सोडणं मला पटत नाही, मुलांचं वर्ष असतं. मुख्याध्यापिकांना मी अजून काही बोलले नाहीये, पण बिनपगारी रजा मिळते का ते विचारणार आहे, राजीनामा शेवटी. बोट क्लब रोडला मॅक्समुल्लर भवनात जर्मनचा क्लास लावलाय, ए-वन, म्हणजे पहिली पायरी, होईल तोवर

सी-४०१: वहिनी एकदम शहाणपणाचं. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी जर्मन लागत नाही आणि गेल्या दिवसापासून नोकरी पण करता येते, पण जर्मन नसेल तर शाळेत कोण घेणार, त्यामुळे क्लास सोडू नका. मुलगी किती वर्षांची?

बी-६०३ (सौ): पाच पूर्ण, सप्टेंबरात सहा

सी-४०१: मग फार ताणू नका, सहाव्या वर्षापासून तिकडे शाळा सक्तीची, आणि त्या भागात शाळा सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतात. यंदा नाही तर पुढच्या सप्टेंबरला तरी पहिल्या दिवशी वर्गात बसली पाहिजे. मधे आलेल्या पोरांचे पहिले महिने फार रडके जातात

बी-६०३: आम्ही दोघांनी तसंच ठरवत आणलंय, दहावीची बोर्डाची परीक्षा संपली की मार्चअखेर या दोघी येतील. काकू, नाराज होऊ नका

बी-२०२ काकू: मी कशाला नाराज होऊ, पोरीला माझ्याकडे ठेवा दुपारची

ए-१०२ काका: बाबांचा मेडिक्लेम कुणाचा आहे?

बी-६०३: कंपनीचाच. त्यांची अँजिओप्लास्टी झालीये, शुगर पण आहे

ए-१०२ काका: हे मी व्हेरिएबलच्या आधी विचारायला हवं होतं. शेवटच्या दिवशी रात्री बारा वाजता तो संपतो. तू तिकडे, वडील इथे, आणि पॉलिसी नाही. कंपनीचा ग्रुप इन्शुरन्स ज्याचा आहे त्याच कंपनीत वैयक्तिक पॉलिसीत बदलून घ्यायची सोय असते, जुनी वर्षं धरली जातात, पण मुदतीच्या आत अर्ज करावा लागतो. नवीन घेतलीस तर जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. राजीनाम्याच्या आधी एचआरकडून सगळ्या वर्षांचे कव्हरचे कागद काढून ठेव, नंतर पोर्टल बंद होतं

ए-३०१: आपल्यात शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला सगळे लॉगिन जातात. फॉर्म १६, पगाराच्या स्लिपा, अप्रेझल लेटर, सगळं आधीच पर्सनल मेलवर घ्या. म्हणजे जे घ्यायला परवानगी आहे तेवढंच हं, कोड नाही 😀

ए-५०४: आणि पीएफ. तुझी एक्झिटची तारीख कंपनीने टाकली का ते युएएनवर (पीएफच्या खात्यावर) बघ, नाही टाकली तर दोन महिन्यांनी तुला स्वतःला टाकता येते पण ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. म्हणून इथलं सिमकार्ड बंद करू नको, रोमिंग चालू ठेव, बँकेचे ओटीपी पण त्यावरच. जर्मनीत गेलेले अर्धे लोक या एका ओटीपीपायी भावाला फोन करत बसतात

सी-७०५: पीएफ काढून घेतला तर? तिकडच्या घराच्या डिपॉझिटला उपयोगी पडेल

ए-१०२ काका: पेन्शनच्या भागाला हात लावू नका. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे, त्यात दोन्हीकडची वर्षं पेन्शनच्या पात्रतेसाठी एकत्र धरता येतात. पेन्शनची वर्षं दाखवणारं स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेव. आणि बचत खातं एनआरओ (अनिवासींचं खातं) करून घे, तसंच चालू ठेवणं नियमात बसत नाही, सगळेच ठेवतात तो भाग वेगळा

सेक्रेटरी: विषय चांगला आहे. अनायासे सांगतो, ६०३ पुढे भाड्याने देणार असाल तर नॉन ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याचा आकार) लागतील, सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्के. भाडेकरार रजिस्टर्ड आणि पोलिस व्हेरिफिकेशन सोसायटीत जमा

बी-६०३: अहो सर, मार्चपर्यंत बायको आहे इथेच. नंतर बाबा-आईच राहणारेत

ए-१०२ काका: आणि कधी भाड्याने दिलाच तर भाडेकरूला तुझ्या भाड्यातून ३० टक्के अधिक सेस टीडीएस कापावा लागतो, मालक अनिवासी असला की. बरेच भाडेकरू हे ऐकून पळतात, आधी सांगून ठेव

बी-६०३: बरं, मग असं करतो. आज जर्मन एचआरला मेल, १ सप्टेंबर आणि बायआउटचं विचारतो. एप्रिलचा पगार होऊ देतो. बाबांच्या पॉलिसीचे कागद या आठवड्यात. व्हिसा आला की दुसऱ्या दिवशी मॅनेजरला भेटतो. तोवर ए-३०१, तुम्ही काही वाचलं नाही

ए-३०१: काय वाचलं नाही? 😇

सी-७०५: दादा एक विचारू का, तुझी दुसरी पार्किंग रिकामी होणार ना ऑगस्टपासून

सेक्रेटरी: पार्किंगसाठी वेटिंग लिस्ट आहे, ७०५ चा नंबर चौदावा