भांगलणीला बायका मिळत नाहीत, म्हणे!

खानापूरची सून: काल एकांनी इथं लिहिलं, "कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २००० आणि बायकांना फुकट बस, बायका आळसावल्या. भातातलं तण काढायला, भांगलणीला कोण येईना." रात्रभर डोक्यातनं गेलं नाही. आमच्या गावात गड्याला ५००, बाईला २५०. चिखलात दिवसभर वाकायचं मात्र बाईनंच. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला! आणि ते २००० रेशनकार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला, म्हणजे बहुतेक घरांत सासूला. सुनेच्या हातात काय पडतं?

भातवाला: ती पोस्ट माझीच. गेल्या श्रावणात माझं दीड एकर भात तणात गेलं. भाताचा भाव बघा, मग मजुरी वाढवायला सांगा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

शहापूरकर: मूळ रोग दोघांनाही दिसेना. आमच्या मुली मराठी शाळेत शिकतात आणि नोकरीचा अर्ज कन्नडमध्ये! माझी बहीण अंगणवाडीच्या जागेला गेली, कन्नड लिहिता येईना म्हणून परत आली. आमचा बेळगाव भाग महाराष्ट्रात घ्यायचा सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. तोवर आमच्या मुलींनी काय करायचं?

उद्यमबाग: परत भाषा! मी कन्नड शिकले, आज कारखान्यात हिशेब बघते. जून २०२३ पासून बसपासाचे पैसे वाचले, त्यांची पोस्टात आरडी काढलीय. आळशी म्हणणाऱ्यानं माझं पासबुक बघावं.

शहापूरकर: तुमच्यासारख्यांनी मान तुकवली म्हणूनच मराठीची ही गत झाली.

उद्यमबाग: तोंड सांभाळून बोला. घरात मी मराठीच बोलते, लेकीलाही मराठीतच वाढवते. एवढंच सांगा, बहिणीला दहावीनंतर कन्नडच्या क्लासला घातलंत का? आणि तुम्हाला?

शहापूरकर: ...मला घातलं होतं. तिला नाही. सांजच्याला क्लास, पोरीच्या जातीला कशाला, असं वडील म्हणाले. तेवढं तुमचं खरं. पण अर्ज मराठीतही हवा, हे मी सोडणार नाही.

उद्यमबाग: ते मीही मागते. तुम्ही विचारलंतच कुठं?

भातवाला: तुमचं भाषेचं चालू दे. औंदा ३५० देतो. गड्याइतके परवडणार नाहीत, आधीच सांगतो.

खानापूरची सून: म्हणजे अजून १५० कमीच. सरकारी पाहणीत १५ वर्षांवरच्या बायकांत काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांचं प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होतं, २०२३-२४ मध्ये ४१.७ झालं. त्यात घरच्याच रानात बिनपैशानं राबणाऱ्याही मोजल्यात. भाऊ, तुमच्या घरच्याही त्याच भातात भांगलतात ना? त्यांची मजुरी कुठल्या वहीत मांडता? उताऱ्यावर त्यांचं नाव आहे का?

भातवाला: उतारा वडिलांच्याच नावावर आहे अजून. वहीचं म्हणाल तर, नाही मांडत.