शब्दचर्चा : ‘बाहेरचं’, ‘लांबडं’ आणि भयकथेतलं न घेतलेलं नाव

आमच्या गावातल्या एका पोरानं कथा लिहिली आहे. मेलेली माणसं उठून कपाशीच्या वावरातून गावात येतात. अख्ख्या कथेत भूत, मुडदा, झोंबी यांतला एकही शब्द नाही, गावकरी त्यांना ‘चालते’ म्हणतात. कथा मला मनापासून आवडली, पण तो शब्द खटकला.

इंग्रजी भयकथांमध्ये ही रीत जुनीच आहे. आजच्या झोंबीपटांचं मूळ १९६८च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये धरतात, आणि त्या सिनेमात झोंबी हा शब्द कोणी उच्चारतच नाही. ‘घूल’, म्हणजे मुडदे खाणारं पिशाच्च, असं म्हणतात. कारण कळण्यासारखं आहे. नाव आलं की त्याच्यामागून नियम येतात. हडळ म्हटलं की उलटी पावलं, मुंजा म्हटलं की पिंपळ. नाव काढून घेतलं की वाचकही पात्रांसोबत चाचपडतो.

आपल्याकडे मात्र नाव टाळतात ते माहीत नसतं म्हणून नाही. लहानपणी मी आबाजींसोबत तुरीच्या वावरात जागलीला जायचो, रोही अन् रानडुकरं हाकलायला. एका रात्री बॅटरीच्या उजेडात धुऱ्यावर काहीतरी सळसळलं आणि मी ओरडलो, “आबाजी, साप!” बिडीचा वास येणारा त्यांचा हात माझ्या तोंडावर आला. “नाव नको घेऊ बापू, आयकते ते. लांबडं म्हन.” साप चावला असंही कोणी म्हणत नसे, ‘पान लागलं’ म्हणत. झपाटलेल्या माणसाबद्दल आजही दबक्या आवाजात सांगतात, “त्याले बायेरचं हाय.”

लांबडं, बाहेरचं. दोन्ही विशेषणं, दोन्ही नपुंसकलिंगी, आणि पुढचं नाम गिळलेलं. बाहेरचं काय? ते विचारायचं नसतं. मराठीत भीती त्या गिळलेल्या नामात राहते. ‘चालते’ हे मात्र कोणीतरी बसून ठरवल्यासारखं वाटतं. शिवाय वऱ्हाडीत “चहा घेता का?” याचं उत्तर “चालते” असं असतं.

कोणाला दुसरा शब्द सुचतो का?

प्रतिसाद, अकोटहून :
विशेषणाचा मुद्दा पटला, पण तो सगळीकडे लागू होत नाही. ‘देवी आल्या’ म्हणतात, ‘मरीमाय’ म्हणतात. ही तर सरळ नामं आहेत, तीही मानाची. आमची आजी तर देवीच्या रोग्याच्या अंगावरचे फोड म्हणत नसे, ‘माय खेळून राहिली’ म्हणायची. अस्वलाचंही बघा. जुने शिकारी त्याचं खरं नाव घ्यायला भीत, असं भाषेचे अभ्यासक मानतात. म्हणून रशियनमध्ये ते ‘मेदवेद’ झालं, म्हणजे मध खाणारं. संस्कृतानं जुनं नाव ‘ऋक्ष’ जपलं, त्यातूनच आपला ‘रीस’ आला.

मूळ लेखक :
बरोबर आहे, माझं चुकलं. मग दोन वाटा दिसतात. जे गावावर येणारच, त्याला माय म्हणून हात जोडायचे. जे उंबऱ्याबाहेर ठेवायचं, त्याला नामही द्यायचं नाही. आणि तुमच्या अस्वलावरून आणखी एक सुचलं. आडून घेतलेलं नावही झिजून खरं नाव होतं. ‘देवीची लस’ म्हणताना आपल्या मनात हात जोडलेले नसतात. १९८०मध्ये जग त्या रोगातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं, रोग गेला, मागे राहिला तो टाळण्यासाठी घेतलेलाच शब्द.

आता या पोराच्या कथेची खरी अडचण कळली. त्याचे मुडदे बाहेरचे नाहीत. कोणाचा आजा आहे, कोणाची सून आहे. त्यांना ‘बाहेरचं’ म्हणायला घरच्यांची जीभ उचलणार नाही, आणि ‘माय’ म्हणून पुजताही येणार नाही. मला ‘फिरलेलं’ सुचतं. परत आलेलं तेही फिरलेलं, डोकं बिघडलेलं तेही फिरलेलं, आणि नाम गिळलेलंच राहतं. सकाळी विहिरीवर बाया घागरी खाली ठेवून एवढंच विचारतील, “रात्री कोनाघरचं फिरलं वं?”