‘बंदी विद्यार्थी’ की ‘विद्यार्थी बंदी’? मानपत्राच्या मसुद्यावर शब्दचर्चा

तापीकाठ : कारागृहातल्या साक्षरता वर्गाचे गुरुजी निवृत्त होताहेत. मानपत्र वर्गाच्या वतीनं आहे, वाचणारही वर्गातलाच एक. मसुद्यात शेवटी ‘आपले कृतज्ञ विद्यार्थी बंदी’ असं लिहिलंय. खटकतंय, पण का ते नेमकं कळत नाही. ‘बंदी’ काढून सरळ ‘कैदी’ लिहावं का?

पांझरा : खटकतो तो क्रम. मराठीत ‘बंदी’ दोन आहेत. एक संस्कृत ‘बंदिन्’वरून आलेला, पुल्लिंगी, म्हणजे कैदेतला माणूस. दुसरी फारसीतून आलेली, स्त्रीलिंगी, म्हणजे मनाई. विभक्ती लागली की दोघं वेगळे होतात : बंद्याने, बंद्यांना, पण बंदीने, बंदीमुळे. समासाच्या शेवटी मात्र फरक मिटतो आणि दारूबंदी, चराईबंदी, जिल्हाबंदीच्या सवयीनं ‘विद्यार्थी बंदी’ म्हणजे विद्यार्थ्यांना मनाई असंच वाचलं जातं. ‘बंदी विद्यार्थी’ लिहा, प्रश्न मिटतो.

शेवभाजी : मग ‘राजबंदी’चं काय? ती काही राजावरची मनाई नाही.

पांझरा : तो शब्द स्वातंत्र्यलढ्यात रुळला, म्हणून टिकला. ‘शिक्षाबंदी’ हा कारागृहाच्या दप्तरातला शब्दही तसाच : शिक्षा झालेला तो शिक्षाबंदी, खटला चालू असलेला तो न्यायाधीन बंदी. बाहेरच्या माणसाला ‘शिक्षाबंदी’ म्हणजे शिक्षेवर मनाई वाटली तर त्याला दोष देता येत नाही. नवा समास मात्र मनाईकडेच झुकतो. ‘कैदी’ चुकीचा नाही, पण दप्तरात आज ‘बंदी’ चालतो आणि कानाला तो सौम्य लागतो.

बोरीकाठचा : आपल्याकडे खानदेशात हिंदीचा शेजार, म्हणून एक सांगतो. ‘गुरुजींनी आम्हाला शिक्षा दिली’ असं कुठे शिरलं नाही ना, बघा. हिंदीत ते शिक्षण, मराठीत दंड. मूळ धातू एकच, ‘शिक्ष्’. तुरुंगातल्या मानपत्रात हा घोटाळा भलताच महाग पडेल! ‘माफी’चंही तसंच. तिथे माफी म्हणजे शिक्षेत मिळणारी सूट, म्हणून ‘चुकलो असल्यास माफी असावी’ऐवजी ‘क्षमा करा’ बरं. ‘मुलाखत’ म्हणजे नातेवाइकांची भेट. हे शब्द त्यांच्या रोजच्या अर्थानंच ऐकले जाणार.

तापीकाठ : आणि ‘कृतज्ञ’?

शेवभाजी : अर्थ चोख आहे : केलेलं जाणणारा. पण वाचणारा नवसाक्षर असेल तर ‘ज्ञ’ अडतो, आणि घाईत ‘कृतघ्न’ निघालं तर केलेलं मारणारा! ‘ऋणी’तला ‘ऋ’ही नव्या वाचकाला उशिराच सरावाचा होतो. ‘आभार’ वाचायला सोपा, पण औपचारिक. सभेच्या शेवटी मानतात तसला. शिवाय आभार मानतात, देत नाहीत. ‘उतराई’ शोभतो, फक्त तो नकारातच खुलतो : ‘उतराई होणं शक्य नाही’. माझं मत ‘उपकार’ला. अहिराणीतही तोच चालतो : ‘गुर्जी, तुमना उपकार शेतस’, म्हणजे तुमचे उपकार आहेत. वर्गात अहिराणी बोलणारे असतील तर हे एक वाक्य तसंच ठेवा.

बोरीकाठचा : मायना ‘तीर्थरूप’ आहे का? जुन्या पत्ररीतीत तो आईवडिलांना. वडिलांसमान इतरांना ‘तीर्थस्वरूप’. इथे नुसतं ‘गुरुजी’ पुरे. मजकूर शंभर-सव्वाशे शब्दांचा, वाक्य आठ-दहा शब्दांचं. त्याहून लांबलं की वाचणाऱ्याचा श्वास मध्येच तुटतो. कार्यालयातून मंजुरी घ्यावी लागेल, तेव्हा कलमं, खटले नकोत. आणि संदर्भ हवाच असेल तर घरचाच आहे : 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी 21 फेब्रुवारी ते 19 जून असे 18 रविवार सोबतच्या बंद्यांना गीता सांगितली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. एका ओळीत मावतं. त्यापुढे गेलात तर मानपत्र विनोबांचं होईल.

तापीकाठ : शेवट असा केलाय : ‘गुरुजी, अंगठ्याच्या जागी आज आमची सही आहे. ती तुम्ही शिकवली. तुमना उपकार शेतस. – आपले बंदी विद्यार्थी.’

पांझरा : वर ‘तुम्ही’ आहे, तर खाली ‘आपले’ नको, ‘तुमचे बंदी विद्यार्थी’ करा. आणि नावं टाइप करू नका, खाली सह्यांपुरती जागा मोकळी सोडा.