मदत हवी आहे: दादाचं पिणं आता सकाळवर आलंय

नमस्कार. दादा आधी फक्त शनिवारी मित्रांबरोबर बसायचा. मग रोज रात्री क्वार्टर, तेवढ्यानं चढेना म्हणून हाफ. आता सकाळी उठल्यावर हात थरथरतात आणि दोन घोट घेतले की थांबतात. वहिनी म्हणतात, बाटल्याच फोडून टाकू. पण या टप्प्यावर एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावरही बेततं. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची आहे. पुण्याचं १९८६ पासूनचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र माहीत आहे. पण दादा म्हणतो, "मी बेवडा नाही, रोज कामावर जातो." आणि जातोही, तिथंच सगळं अडतं. तुम्ही आपल्या माणसाला भरती व्हायला कसं तयार केलंत? साताऱ्याजवळ वहिनींसाठी अल-अनॉनची (दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांचा आधारगट) मराठी मीटिंग होते का?