मदत हवी आहे: अपस्मार नसलेले झटके आणि मानसोपचार

नदीकाठ: माझ्या धाकट्या बहिणीला दोन वर्षांपासून फिट येतात. आता डॉक्टर म्हणतात की हा अपस्मार नाही, जुन्या मानसिक आघाताशी जोडलेले झटके आहेत. मानसोपचाराची चार सत्रे झाली, पण झटके वाढलेच. उपचार थांबवावेत का? कृपया लवकर सांगा.

कंदील: निदान कशावरून झाले? व्हिडिओ ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख आणि सोबत चित्रीकरण) चालू असताना झटका आला होता का? नुसता साधा ईईजी निर्दोष आल्याने अपस्मार नाही असे ठरत नाही. अपस्माराच्या गोळ्यांचे काय केले, तेही लिहा.

नदीकाठ: व्हिडिओ ईईजीत दोन झटके नोंदले गेले, आलेखात अपस्माराचे काहीही आले नाही. गोळ्या न्यूरॉलॉजिस्टच हळूहळू कमी करत आहेत. पण माझा प्रश्न मानसोपचाराचा आहे.

पानगळ: माझ्या भाच्याला किटोजेनिक (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्टमय पदार्थांच्या) आहाराने फार फरक पडला, तो करून पाहा.

कंदील: तो आहार अपस्मारासाठी असतो, येथे त्याचा उपयोग नाही.

सावली: मला स्वतःला हेच झटके येत असत. ते मुद्दाम केलेले नसतात, हे घरात आधी सर्वांना पटवा. मला ईएमडीआरने (डोळ्यांच्या हालचाली करत आघाताच्या आठवणी हाताळण्याचा मानसोपचार) बरे वाटले, सीबीटीत (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारा मानसोपचार) वेळ घालवू नका.

कंदील: सावलीताई, एवढे ठामपणे सांगू नये. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ३६८ रुग्णांच्या अभ्यासात सीबीटीमुळे वर्षाअखेरीस झटक्यांच्या संख्येत खात्रीलायक फरक दिसला नाही हे खरे, परंतु झटक्यांचा जाच कमी झाला आणि रोजचे जगणे सुधारले.

सावली: ज्याच्या अंगात झटका येतो त्याला संख्याही महत्त्वाची असते. तरीही, नदीकाठ, सत्रांत नेमके काय झाले?

नदीकाठ: दुसऱ्याच सत्रात तिला अपघाताचा सगळा प्रसंग सांगायला लावला. वाढ त्यानंतरची आहे. झटक्याआधी ती डावा अंगठा मुठीत घट्ट आवळते आणि डोळे मिटून घेते.

सावली: मग घाई झाली असावी असे मला वाटते. माझ्या बाबतीत आधी कित्येक आठवडे केवळ पूर्वसूचना ओळखून त्या क्षणी पाय जमिनीवर दाबणे, समोरच्या वस्तूंची नावे मोठ्याने घेणे, असा सराव झाला आणि प्रसंगाला हात नंतर घातला. तो अंगठा हीच तिची पूर्वसूचना असेल. उपचार परस्पर सोडू नका, ही वाढ मानसोपचार करणाऱ्यांना सांगा आणि गती कमी करायला सांगा.

नदीकाठ: अंगठ्याची गोष्ट आम्ही त्यांना कधी सांगितलीच नव्हती. झटक्यांच्या तारखा वहीत लिहिल्या आहेत, पुढच्या सत्राला ती वही घेऊन मी तिच्याबरोबर जाते.