मदत हवी आहे: कंपनीत बंदी झाल्यापासून दिवसा कमी, संध्याकाळी जास्त

नमस्कार मंडळी. चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. कॅन्टीनच्या मागे पत्र्याची शेड होती, तिला 'स्मोकिंग झोन' म्हणायचे. नव्या एचआर मॅडमनी गेल्या पावसाळ्यात ती काढून टाकली. आता ओढायची तर गेटवर पंच करून हायवेच्या टपरीपर्यंत चालत जायचं. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, त्यात एकदाच जमतं.

शिफ्टमधल्या सिगारेटी निम्म्याहून कमी झाल्या आणि गंमत म्हणजे फारसा त्रासही होत नाही. पण जी एक ओढतो ती बोटाला चटका बसेपर्यंत. सुटल्यावर टपरीवर लागोपाठ दोन, आणि रात्री बाल्कनीत मोजदाद नाही. बायको म्हणते, "कंपनीचा कोटा घरी आणून भरताय."

दुसरं म्हणजे, माझ्या हाताखालची दोन पोरं सिगारेट सोडून तंबाखूवर आली. मळली, बार लावला, मशीनपासून हलायला नको. डबी माझ्यापुढेही येते. अजून तरी घेतलेली नाही.

तर दिवसभर जमतं ते संध्याकाळी का जमत नाही? आणि कमी झालीच आहे तर ती पुढे सुटावी कशी? 'इच्छाशक्ती लागते' हा सल्ला कृपया नको, तो सासऱ्यांकडून रोज मिळतो.

*प्रतिसाद – फुकट_फौजदार*
ती शेड मुळातच नियमात बसत नव्हती! २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांत कामाची जागासुद्धा सार्वजनिक जागा धरली आहे. वेगळी सोय फक्त विमानतळ, ३० खोल्यांचं हॉटेल किंवा ३० जण बसतील असं रेस्टॉरंट यांनाच करता येते. बाकी ठिकाणी ॲशट्रे आणि काडेपेटी ठेवणंही मना आहे. दंड जास्तीत जास्त २०० रुपये, त्याला कोण घाबरतं? माणूस थांबतो तो चालायच्या कंटाळ्याने.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही तेच. रक्तातलं निकोटीन दोनेक तासांत निम्म्यावर येतं, म्हणजे शिफ्ट सुटेस्तोवर टाकी रिकामी. तरी दिवसा निभतं, कारण शॉपफ्लोअरवर 'ओढू का' हा प्रश्नच पडत नाही. बाल्कनीत तो दर दहा मिनिटांनी पडतो. घरालाही गेट करा. ओढायची तर चपला घालून, जिने उतरून, सोसायटीच्या बाहेर. पाकीट घरात ठेवायचं नाही. तलफ बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते, तुमचा जिना तेवढा वेळ खाईल.

*प्रतिसाद – दातवाली_ताई*
दादा, त्या डबीला हात लावू नका. मी डेंटिस्ट आहे, खालच्या ओठाच्या आत जिथे बार ठेवतात तिथली पांढरी पडलेली कातडी रोज बघते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि धूर न काढता तंबाखू खाणारे २४.४ टक्के. धुराच्या कायद्याला तोंडातला बार दिसत नाही. त्या दोन पोरांचं व्यसन सुटलेलं नाही, त्याने फक्त जागा बदलली.

सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर नुसत्या जिन्याने भागणार नाही. पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ वर फोन करा, फुकट आहे.

*प्रतिसाद – लिफीकाठचा_पाटील*
मी डब्लिनला असतो. कामाच्या सगळ्या जागांवर, पबसकट, बंदी आणणारा आयर्लंड पहिला देश, २९ मार्च २००४ पासून. पबमध्ये पूर्ण बंदी हवी म्हणणारे आधी ओढणाऱ्यांत १३ टक्के होते, कायद्यानंतरच्या पाहणीत ४६ टक्के झाले. म्हणजे ओढणाऱ्यांचंच मत फिरलं. लोक आता घरात जास्त ओढतील ही भीतीही खरी ठरली नाही, उलट घरात न ओढण्याचा नियम करणारे वाढले. त्यामुळे तुमच्या वहिनींचा कोटा-सिद्धांत सगळ्यांना लागू नाही, तुम्हाला मात्र लागू दिसतोय :) इथे पावसात पबबाहेर कुडकुडत उभे राहणारे बघून माझी इच्छा बऱ्यापैकी मेली.

*धागाकर्ता*
सगळ्यांचे आभार. ताई, पहिली सिगारेट चहानंतर, तासाभराने. फौजदारांचा जिना सुरू केलाय, तिसऱ्या मजल्यावर राहतो. रात्रीच्या कमी झाल्या, पण जेवणानंतरची हटत नाही. मेडिकलवाल्याने २ मिग्रॅचा निकोटीन गम दिलाय. चघळला की उचकी लागते आणि घसा जळतो. हे चालतं का?

*दातवाली_ताई*
च्युइंगगमसारखा चघळताय म्हणून. हळू चावा, तिखट चव आली की थांबा आणि गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. चव गेली की पुन्हा. त्याआधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना खाणं-पिणं, चहा-कॉफीसुद्धा नको, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. जेवणानंतर पंधरा मिनिटं थांबून घ्या, बाल्कनीचं दार उघडायच्या आधी.